पंचेचाळीस किलो

माझ्या बायकोचं वजन नऊ किलोंनी उतरलंय हे कळलं तो मंगळवार होता. आतड्याच्या ऑपरेशनला सात आठवडे झाले होते आणि त्या दिवशी तिला पहिली केमो द्यायची होती. पाण्याची बाटली, चादर, कानटोपी असं सगळं घेऊन आम्ही सकाळी आठला इस्पितळात पोचलो. नर्सने तिला चपला काढून काट्यावर उभं केलं. बेचाळीस. नर्सने तिला उतरवलं, काटा शून्यावर आल्याचं बघितलं आणि पुन्हा चढवलं. पुन्हा बेचाळीस. फाइलमध्ये ऑपरेशनच्या आधीचं वजन एक्कावन्न लिहिलेलं होतं.

"काकू, मधे घरी वजन नाही केलंत?"

"घरी काटा नाही," माझी बायको म्हणाली.

मी खाली तिच्या चपलांकडे बघत उभा राहिलो. किलो मला माहीत नव्हते, पण इंच माहीत होते. ते मी कुणाला सांगितले नव्हते.

डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. "या वजनावर मी औषध देणार नाही. झेपायचं नाही. पंचेचाळीस करून आणा. तीन आठवडे देतो, त्यापेक्षा जास्त थांबणं बरं नाही."

"आणि नाही झाले तर?" मी विचारलं.

"आधी करून तर आणा."

शेजारच्या खोलीत आहाराचं बघणारी एक तरुण मुलगी बसायची. तिने विचारलं, दिवसभरात काय काय खाता? बायकोने सांगितलं. सकाळी गाजर-बीटचा कच्चा रस. दुपारी उकडलेली भाजी. चारला पुन्हा रस, पालकाचा. रात्री पातळ सूप. साखर बंद, दूध बंद, भात बंद, अंडी बंद, तेल-तूप बंद.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे.

"घरचे करतात हो. फार मनापासून करतात," ती म्हणाली.

"मनापासून करत असतील, पण काकू, गाठीला असं उपाशी ठेवता येत नाही. तुम्ही खाल्लं नाहीत तर ती तुमच्या अंगातून घेते. उपाशी पडता ते तुम्ही. साखर बंद केल्याने तिचं काही अडत नाही." मग तिने एका कागदावर लिहायला घेतलं. दर दोन तासांनी थोडं, भूक असो नसो. अंडं, दूध, डाळ, दाण्याचं कूट. कुठल्याही पातळ पदार्थात चमचाभर लोणी नाहीतर दुधाची पावडर. कच्चं काही नको. तोंडाला लोखंडाची चव येत असेल तर स्टीलचा चमचा नको, प्लॅस्टिकचा घ्या. वासाने मळमळत असेल तर गार करून खा.

"आणि सगळ्यांत चांगलं काय?" मी विचारलं. मला वाटलं, एखादं फळ वगैरे सांगेल.

"जे पोटात राहील ते."

कागदाची घडी मी खडू ठेवतो त्या खिशात ठेवली. मी आमच्या मुलीला फोन केला. ती पोस्टात आहे. अर्ध्या दिवसाची रजा टाकून नवऱ्याला घेऊन येते म्हणाली. ताईला मी फोन केला नाही.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, आमच्याकडेच राहते. तिचे यजमान आता नाहीत. तेही याच दुखण्याने गेले. शेवटच्या चार महिन्यांत ते जे मागतील ते ताईने दिलं. त्यांना गोड फार आवडायचं. ते गेल्यावर भेटायला आलेल्या एका बाईने दारातच म्हटलं होतं, "इतकं गोड द्यायला नको होतं हो. साखरेवरच वाढतं ते." ती बाई चहा पिऊन निघून गेली. ताईने ते वाक्य एकोणीस वर्षं जपून ठेवलं. माझ्या बायकोचा रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी तिने आमच्या स्वयंपाकघरातला साखरेचा डबा उचलून स्वतःच्या कपाटात ठेवला आणि म्हणाली, "या वेळी मी चुकणार नाही."

आम्ही घरी आलो तेव्हा ती बीट किसत होती. कोपरापर्यंत हात लाल. आम्हाला बघून किसणी तशीच ठेवली.

"इतक्यात कसे आलात? झालं औषध?"

"नाही झालं. वजन कमी भरलं," मी म्हणालो.

"कमी म्हणजे किती?"

"बसू दे तिला आधी."

बायको बाजेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. ताई दारात उभी राहून तिच्या पाठीकडे बघत राहिली. मग आत जाऊन रस गाळून घेऊन आली. रोजच्यासारखा, पेला दोन्ही हातांत धरून. बायको उठली आणि रस प्यायली. त्या दिवशीसुद्धा प्यायली.

एक वाजता मुलगी आणि जावई आले. जावई एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी आहे. रोजची तीनशे पानं. आमच्या घरी आला की तो मुद्दाम स्वयंपाकघराकडे फिरकत नाही. ताईला पुरुषांनी ओट्याजवळ आलेलं खपत नाही, आणि लग्न ठरताना तिने "मुलगा काय करतो?" याचं उत्तर ऐकून "मग घरी कोण करणार, ती की तो?" असं विचारलं होतं ते तो विसरलेला नाही. त्या दिवशीही तो खिडकीजवळच्या स्टुलावर बसला, माझ्या शिलाई मशीनला टेकून.

मुलगी बसलीच नाही. तिने माझ्याकडून तो कागद मागून घेतला, उभ्यानेच वाचला आणि ताईपुढे टेबलावर ठेवला.

"वाच, आत्या."

"चष्मा नाहीये."

"मग मी वाचते. कच्चं काही नको. पथ्य म्हणून काही बंद नाही. दर दोन तासांनी खायला द्या. अंडं, दूध, लोणी. यातलं आईला तू काय देतेस?"

"मी तिला विष देत नाही."

"विष नाही गं, पाणी देतेस. रंगीत पाणी! नऊ किलो उतरलंय तिचं. नऊ! आज औषध दिलं नाही त्यांनी. परत पाठवलं."

ताई एकदम खुर्चीत बसली. नऊचा आकडा तिने तेव्हाच ऐकला. हे तिनेच मला पुढे एकदा सांगितलं, की तिला पहिल्यांदा वाटलं पोरगी वाढवून बोलतेय, जशी लहानपणी बोलायची.

"नऊ कसं होईल?" ती म्हणाली. "मी रोज बघते तिला. वही आहे माझ्याकडे. किती वाजता काय दिलं, किती पोटात गेलं, सगळं लिहिते."

"मग नऊ किलो कुठल्या पानावर लिहिलेस?"

"हळू बोल," मी म्हणालो.

"तुम्ही मधे पडू नका, बाबा. तुम्ही कायम आत्याचीच बाजू घेता. तिने तुम्हाला लहानाचं मोठं केलं म्हणून आता तिने काहीही केलं तरी आपण माना डोलवायच्या?"

"अगं, पण कपडे!" ताई म्हणाली. आवाज चढला होता, पण चिडून नाही. पुरावा सापडल्यासारखा. "नऊ किलो उतरली असती तर कपडे ढगळ नसते झाले? मला डोळे आहेत. तिचे कपडे नीट बसतायत अंगावर. आजही बघ. खांद्याला बघ, कमरेला बघ. कुठे ढिला आहे ड्रेस?"

मुलीने आईकडे बघितलं. खरंच ड्रेस नीट बसत होता. हातावरची कातडी लोंबत होती, गालाची हाडं वर आली होती, पण ड्रेस अंगाला धरून होता. मुलगी दोन क्षण गोंधळली. मी कात्री उचलली आणि परत ठेवली.

तेवढ्यात बायको उठून बसली. ड्रेसच्या कडेची शिवण तिने बोटांनी उलटी केली.

"ये, बघ इकडे," ती मुलीला म्हणाली.

मुलगी वाकली. शिवणीच्या आत बोटभर कापड दुमडलेलं होतं आणि त्यावर सुईच्या जुन्या भोकांच्या ओळी होत्या.

"चार वेळा आत घेतलाय. सगळेच कपडे. मी दुपारी झोपले की हे शिवायला बसायचे," ती म्हणाली. "ताईंना एकट्यांना बोलू नका."

जावयाने माझ्या मशीनवरचा हात काढून घेतला.

"बाबा?" मुलगी म्हणाली.

मी शिंपी आहे. माणूस दारातून आत आलं की त्याचं माप मला दिसतं, टेप लागत नाही. ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी मला दिसलं की ती इंचभर गेली. मी तिचा ड्रेस इंचभर आत घेतला. तिला आरशात ढगळ कपडे दिसले तर ती हाय खाईल, असं मला वाटलं. पुढच्या आठवड्यात आणखी अर्धा इंच. प्रत्येक वेळी वाटायचं, आता थांबेल. हे सगळं मी तेव्हा बोललो नाही. तेव्हा एवढंच म्हणालो, "तिने घाबरू नये म्हणून."

"मी घाबरले नाही हो," बायको म्हणाली. "तीस वर्षं शिंप्याची बायको आहे. शिवण बरगडीला लागली की मला कळतं, सरकलीय ते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

ताई उठली. मला वाटलं आत जाईल. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी आठ वर्षांचा असताना शाळा बुडवून आलो की अशीच उभी राहायची.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "इंचाइंचाने माहीत होतं. आणि मी मूर्खासारखी पहाटे बाजारात जाऊन पालक निवडत होते. एकदा, एकदा तरी म्हणायचंस की ताई, ही उतरतेय. मी काय ऐकलं नसतं?"

"तू ऐकलं नसतंस, आत्या," मुलगी म्हणाली, पण आता ती ताईच्या शेजारी उभी होती. "तरी त्यांनी सांगायला हवं होतं."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. वर्षभरात त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. बायकोच्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखं झालं.

"वा," ती म्हणाली. "चला, एवढं तरी झालं. आता माझंही ऐकून घ्या, म्हणजे एकदाचं संपेल. मला भूकच लागत नाही. ऑपरेशन झाल्यापासून नाही. ताटाकडे बघितलं की पोटात ढवळतं. चमचा तोंडात घातला की किल्ली चोखल्यासारखं लागतं. ताईंचं पथ्य होतं ते बरंच होतं. पेलाभर रस डोळे मिटून प्यायला की सुटका. मागे लागून कुणी खा, खा करत नव्हतं. पथ्य आहे म्हटलं की सगळे गप्प." तिने उलटी केलेली शिवण सरळ केली. "मला खायचं नव्हतं. ताईंनी मला कारण दिलं, ह्यांनी ते झाकलं. आता कुणाला बोलायचं ते बोला."

ती दमली. मुलीने तिच्या पाठीशी उशी लावली. मग खिडकीजवळून जावई बोलला. मला वाटतं, आमच्या घरात मोठ्यांसमोर तो इतकं पहिल्यांदाच बोलला.

"आई, काय खावंसं वाटतं ते नाही विचारत. काय समोर आलं तर बघवेल ते सांगा."

तिने विचार केला. "गार. पांढरं. वास नसलेलं. न चावता गिळता येईल असं."

"बास. झालं की." तो उठला. "आत्या, येऊ का आत?"

ताईने बाजूला सरकून वाट दिली.

आत काय झालं ते मुलीने मला सांगितलं, ती त्याच्या मागोमाग गेली होती. बीटचा कीस त्याने न बोलता बाजूला सारला, फेकला नाही. येताना त्याने पिशवीतून दूध, अंडी आणि दुधाची पावडर आणली होती. म्हणजे कागद न बघताच त्याला कल्पना होती. दूध त्याने मंद आचेवर ठेवलं, पावडर कालवली, दोन अंडी फेटली.

"आत्या, गाळणी?"

ताईने रसाची गाळणी धुऊन दिली. अंडं गाळून दुधात सोडलं आणि तो ढवळत राहिला, हात न थांबवता, तळाला लागू न देता.

"आत्या, साखर?"

ताई हलली नाही. दूध घट्ट व्हायला लागलं होतं.

"साखर नसेल घरात तर मी खालून घेऊन येतो," तो म्हणाला.

"आहे," ताई म्हणाली.

ती तिच्या खोलीत गेली. बाहेरच्या खोलीत आम्हाला कपाटाची कडी ऐकू आली. बायकोने माझा हात धरला. ताई डबा घेऊन आमच्या समोरून गेली, कुणाकडे न बघता.

"किती?" तिने आत विचारलं.

"चार चमचे. घाला तुम्ही."

मुलगी म्हणते, ताईने चमचा भरला आणि तो पातेल्यावर धरला, पण उलटा करवेना. साखर चमच्यातून सांडायला लागली, थोडी ओट्यावर, थोडी गॅसवर. जळल्याचा वास आला. जावयाने तिच्या हातातून चमचा घेतला नाही. त्याने आपला हात तिच्या मनगटाखाली धरला आणि म्हणाला, "माझ्यावर टाका, आत्या. काही झालं तर मी केलं म्हणा." मग ती साखर पडली. उरलेले तीन त्याने घातले.

पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार केलं. वाटीत घालून, औषधाच्या खोक्यातला प्लॅस्टिकचा चमचा घेऊन मुलगी बाहेर आली. आम्ही सगळे कुणीतरी परीक्षेला बसल्यासारखे बघत उभे.

"सगळे असे डोळे लावून बसलात तर कसं जाईल घशाखाली?" बायको म्हणाली. "काहीतरी बोला ना."

शेवटी जावईच म्हणाला, "कँटीनमध्ये काल मीठ दोनदा पडलं."

"मग?"

"मग काय. तीनशे माणसं पाणी पीत बसली. साहेब म्हणाला, आज काम बरं झालं, कुणी बोललंच नाही."

ती हसली. हसता हसता पहिला चमचा गेला. मग दुसरा. सहा चमचे गेले आणि तिने वाटी बाजूला केली. आम्ही घड्याळाकडे बघत होतो. अर्धा तास झाला. पोटात राहिलं.

ते तीन आठवडे मी कधी विसरणार नाही. जावई रोज कामावरून सुटला की डबा घेऊन यायचा. ताईने वही बदलली नाही, त्याच वहीत पुढच्या पानापासून लिहायला लागली. सकाळी सात, अर्धं अंडं. नऊ, दूध-केळं, उलटी. साडेनऊ, पुन्हा दूध, राहिलं. भातात लोणी लपवायला ती शिकली, सुपात डाळ वाटून घालायला शिकली. ज्या निष्ठेने साखर बंद केली होती त्याच निष्ठेने ती घालू लागली, फक्त घालताना ओठ मिटून असायची. पहिले दोन आठवडे नवा आणलेला काटा जेमतेम किलोभर हलला. तिसऱ्या आठवड्यात बायकोला एकदा आपणहून काहीतरी हवंसं वाटलं. भाजलेला पाव आणि लोणी. ताई ते घेऊन आली आणि बायको खात असताना दारामागे जाऊन रडली.

एकविसाव्या दिवशी काट्यावर चव्वेचाळीस किलो आठशे ग्रॅम आले. डॉक्टर म्हणाले, चालेल.

पुढचं थोडक्यात सांगतो. पाच वेळा औषध दिलं. तोंड सोलवटलं, तेव्हा सगळं गार आणि पातळ केलं. चव गेली, तेव्हा तिने आठवणीवर खाल्लं. "हे गोड असणार," असं म्हणून खायची. औषध संपल्यावर दोन महिने बरे गेले. ती टेबलाशी आमच्याबरोबर बसून जेवायची, थोडं, पण जेवायची. मग तपासणीत यकृतावर डाग दिसले.

त्या दिवशी डॉक्टरांनी मला एकट्याला व्हरांड्यात घेतलं. मी विचारलं, ते तीन आठवडे गेले नसते तर? ते म्हणाले, "हे ऑपरेशनच्या वेळीच आत पसरलेलं असणार, तेव्हा दिसण्याइतकं मोठं नव्हतं. भूक गेली, वजन उतरलं, त्यातही याचा हात असेल. तीन आठवड्यांनी काही फरक पडला असता असं मला वाटत नाही."

"आणि ते रस? पथ्य?"

"त्याने अशक्तपणा वाढला. पण रोग वाढला नाही. घरात कुणी मनाला लावून घेतलं असेल तर सांगा त्यांना."

ती साडेतीन महिन्यांनी गेली. घरीच गेली, दुपारी चारच्या सुमारास. माणसं निघून गेल्यावर मुलगी ताईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ते तीन आठवडे मला परत दे, आत्या." मुलगी नवऱ्याला घेऊन गेली. आता ती माझ्याशी फोनवर बोलते, आणि ताईने उचलला तर ठेवून देते.

या गोष्टीला चौदा महिने झाले. ताई मला दोन्ही वेळचं करून वाढते. स्वतः उकडलेली भाजी घेते. साखर नाही, दूध नाही, भात नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मला आता काय करायचंय." सत्तरी उलटलेली बाई आहे. जिना चढताना कठड्याला धरून मधेच थांबते.

डॉक्टरांचं ते बोलणं मी घरात का सांगत नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. आधी म्हणायचो, योग्य वेळ येऊ दे. पण ते खरं नाही. ताईची चूक आहे तोवर माझ्या सुईबद्दल कुणी बोलत नाही. मुलगीही बोलत नाही. ताईवरचं काढून घेतलं, तर त्या दोघी त्या दिवशी उभ्या होत्या तशा पुन्हा माझ्यासमोर उभ्या राहतील, आणि या वेळी हसायला बायको नसेल. आणि कुणाचीच चूक नव्हती असं ठरलं, तर ती उगाचच गेली असं होईल. तेही मला नको आहे.

डॉक्टर व्हरांड्यात जे बोलले ते मी ताईला सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही. ते सांगणं अजून व्हायचं आहे.